चारचा सुमार

योहानाच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात एक बारीकशी नोंद आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे दोन शिष्य येशूच्या मागे मागे चालू लागतात. तो वळतो आणि काय शोधताय म्हणून विचारतो. त्यांना धड उत्तर सुचत नाही. गुरुजी, आपण उतरलात कुठे, एवढंच ते विचारतात. येऊन बघा, असं तो सांगतो. ते जातात, त्याचं बिऱ्हाड बघतात आणि त्या दिवशी तिथेच राहतात. मग लिहिणारा जाता जाता सांगून टाकतो की तेव्हा दहावा तास होता. तो तास सूर्योदयापासून मोजायचा. आपल्या घड्याळात दुपारी चारचा सुमार.

त्या संध्याकाळी काय बोलणं झालं, हे कुठेही लिहिलेलं नाही. दिवा लागल्यावर कुणी काय विचारलं, जेवायला काय होतं, रात्री कुठे टेकले, काहीच नाही. त्या दोघांपैकी एक अंद्रिया होता. दुसऱ्याचं नाव दिलेलं नाही, पण तो योहानच असावा असं परंपरा मानते, आणि हे शुभवर्तमान त्याने म्हातारपणी लिहिलं असंही सांगते. तसं असेल तर मला ती नोंद फार जवळची वाटते. मधे आख्खं आयुष्य गेलं, क्रूस झाला, छळ झाला, सोबती एकेक करून गेले आणि या माणसाच्या मनात ती वेळ तशीच राहिली. आपल्याला कुणीतरी घरात घेतलं, ती वेळ.

माझाही एक चारचा सुमार आहे. मी चौथीत होतो. नगरजवळच्या आमच्या गावात मंडळीचे जे पाळक होते, त्यांना आम्ही सगळे बाबा म्हणायचो. त्यांची काळी सायकल होती. हँडलला खादीची पिशवी, पिशवीत पवित्र शास्त्र, उपासना संगीत आणि पंक्चर काढायचं सामान. शाळा सुटली की ते कधी कधी फाटकाशी उभे असायचे. ‘येतोस का?’ एवढंच विचारायचे. मी पुढच्या दांडीवर बसायचो आणि आम्ही वाड्यावस्त्यांवर जायचो. दांडी पायाला रुतायची. चढ आला की दोघंही उतरून चालायचो.

बाबांनी मला त्या रस्त्यांवर काही शिकवल्याचं आठवत नाही. ते बोलायचे ते पावसाबद्दल, विहिरींबद्दल, कुणाच्या बैलाला काय झालंय त्याबद्दल. वस्तीवर गेलं की चपला बाहेर काढायचे, सतरंजी अंथरायला लागले तर नको म्हणायचे आणि जमिनीवरच बसायचे. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घ्यायचे. प्रार्थना अगदी शेवटी, आणि तीही थोडकी.

एकदा एका वस्तीवर ते भयंकर चिडले. तिथल्या माणसाने दारू सोडल्याचं वचन दिलं होतं आणि आम्ही गेलो तेव्हा तो ओसरीत पडलेला होता. बाबा त्याच्या बायकापोरांदेखत त्याला नको ते बोलले. तिथून निघालो. ओढा ओलांडला, बाभळीच्या रांगेपर्यंत आलो आणि सायकल थांबली. बाबा हँडल धरून बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी सायकल वळवली. अंधार पडत चालला होता. परत त्या घरी जाऊन ते त्या माणसाच्या शेजारी खाली बसले आणि म्हणाले, ‘मघाशी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. मला माफ करा.’ तो माणूस शुद्धीवर होता की नाही कोण जाणे. त्याच्या बायकोने चहा केला. बाबांनी तो बशीत ओतून घेतला, अर्धी बशी मला दिली. परतीच्या वाटेवर ते एक शब्दही बोलले नाहीत.

क्षमा या विषयावर मी नंतर कितीतरी उपदेश ऐकले. त्यातलं काही लक्षात आहे, बरंच नाही. ती वळवलेली सायकल मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढे मी शास्त्रपाठ शिकवू लागलो, मंडळीत मुलांचा वर्ग घेऊ लागलो, तेव्हा मार्काच्या तिसऱ्या अध्यायातलं एक वाक्य मला अडवू लागलं. येशूने बारा जणांना नेमलं ते कशासाठी, हे मार्क तिथे सांगतो. उपदेश करायला पाठवावं आणि भुतं काढायचा अधिकार त्यांना असावा, हे त्यात आहेच. पण त्याआधी आणखी एक कारण आहे: त्यांनी त्याच्याबरोबर असावं. बस, बरोबर असावं. मी हे वाक्य लहानपणापासून वाचत आलो होतो आणि दर वेळी त्या पहिल्या कारणावरून पुढे सरकत होतो, कारण ते मला कामासारखं वाटतच नव्हतं.

तर ते बरोबर असणं कसं होतं? शुभवर्तमानं नुसती प्रवचनं शोधत वाचली तर ते दिसत नाही. ते मधल्या जागांत आहे. शोमरोनातल्या विहिरीपाशी भर दुपारी तो थकून बसलाय, तहान लागलीय आणि शिष्य गावात अन्न आणायला गेलेत. वादळात तो नावेच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलाय आणि ही मंडळी घाबरून त्याला हलवून उठवतायत. लाजराच्या कबरीपाशी तो रडतोय. गेथशेमानेत तर तो तिघांना जरा जवळ थांबा म्हणतोय, आणि त्यांना झोप आवरत नाही. आपल्या गुरूला इतकं उघडं पाहायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे! आम्ही शिकवणारे असे कुणापुढे थकत नाही. घरी जाऊन दार लावून थकतो.

आणि एक प्रसंग माझा फार आवडता. शब्बाथाच्या दिवशी ते सगळे पिकातून चाललेत. भूक लागलीय. शिष्य कणसं तोडतात, हातावर चोळतात, फुंकर मारून कोंडा उडवतात आणि दाणे तोंडात टाकतात. फुंकर मारल्याचं लूकने लिहिलेलं नाही, हातावर चोळल्याचं लिहिलंय. पण ज्याने पौषात ज्वारीच्या शेताच्या बांधावर उभं राहून हुरडा चोळलाय, त्याला फुंकर सांगावी लागत नाही. परुशी येऊन नियमावर बोट ठेवतात आणि येशू त्यांना उत्तर देतो. मला त्या वादाच्या आधीचा क्षण बघत राहावासा वाटतो. एका बांधावरून चाललेली माणसं, कोंड्याने भरलेले तळवे.

कफर्णहूमच्या उत्खननाची छायाचित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा थबकलोच. घरांच्या भिंती काळ्या दगडाच्या. बेसाल्ट, आपल्या दख्खनचाच काळा पाषाण. आमच्या गावातल्या जुन्या घरांना, पारांना, विहिरींना जो दगड आहे, त्याच जातीचा. ज्या गावाला येशूने आपलं ठाणं केलं, ते गाव आमच्या गावासारखं उन्हात तापत असणार आणि रात्री उशिरापर्यंत त्या भिंतींमधून धग येत असणार. गालीलचा समुद्र म्हणतात, पण आहे ते गोड्या पाण्याचं सरोवर. लांबी एकवीस किलोमीटरच्या आसपास, रुंदी जास्तीत जास्त तेरा. या काठावरून त्या काठावरचे दिवे दिसावेत एवढंच. जग बदलणारी माणसं घडली ती एवढ्याशा टापूत, आणि मुख्यतः पायी चालताना.

१९८६ साली दुष्काळात त्या सरोवराचं पाणी खूप खाली गेलं, तेव्हा काठच्या चिखलात एक नाव सापडली. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे येशूच्या काळातल्या कोळ्यांच्या नावा होत्या तशी. सुमारे आठ मीटर लांब, दोन मीटरहून थोडी जास्त रुंद. येशू त्याच नावेत बसला होता असं कुणी म्हणू शकत नाही आणि म्हणूही नये. मला तिच्यातली वेगळीच गोष्ट मोलाची वाटते. ती मुख्यतः देवदार आणि ओक लाकडांची आहे, पण जागोजाग दुरुस्त केलेली. जे हाती आलं ते लाकूड लावत गेलेत. तज्ज्ञांनी मोजलं तर दहा-बारा प्रकारची लाकडं निघाली. कुणा गरीब कोळ्याने ती टाकून न देता वर्षानुवर्षं ठिगळं लावत पाण्यावर ठेवली.

बारा शिष्यांची यादी वाचताना मला हल्ली ती नाव आठवते. मत्तय जकातदार, म्हणजे राज्यकर्त्यांसाठी आपल्याच लोकांकडून पैसा वसूल करणारा. शिमोनाला लूक जिलोत म्हणतो, म्हणजे देशासाठी पेटून उठलेला माणूस. या दोघांना एकाच पंगतीला बसवायचं! पहिल्या रात्री ते कुठल्या कोपऱ्यात झोपले असतील? जब्दीची मुलं इतकी तापट की एका गावाने आसरा दिला नाही म्हणून आकाशातून अग्नी मागायला निघालेली. शिवाय कोण मोठा, हा वाद त्यांच्यात पुन्हा पुन्हा निघतो, अगदी शेवटच्या भोजनाच्या रात्रीसुद्धा. लाकडं एका जातीची नव्हती, आणि येशूने ती एका जातीची करायचा खटाटोपही केला नाही.

त्यांना समजायला वेळ लागत होता, हे मार्क लपवत नाही. भाकरी वाढल्याचा चमत्कार दोनदा पाहूनही नावेत एकच भाकर आहे म्हणून ते कुरकुरतात. त्याच्या लगेच पुढे मार्क बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट सांगतो. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर हात ठेवतो आणि काही दिसतं का म्हणून विचारतो. त्याला माणसं दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. तेव्हा येशू पुन्हा हात ठेवतो आणि मग स्वच्छ दिसतं. एका स्पर्शात न होता दोन स्पर्शांत झालेली अशी ही एकच गोष्ट आहे, आणि ती नेमकी शिष्यांच्या मंदपणाच्या कहाणीशेजारी येते. मार्कने ती मुद्दाम तिथे ठेवली असणार असं मला वाटतं. अर्धवट दिसणाऱ्या माणसाला येशू रागावला नाही. दिसतंय का, असं विचारलं आणि उत्तर खरं येऊ दिलं. आमच्या वर्गात मुलं झाडंच पाहत असतात, पण आम्हाला खूश करायला माणसं दिसतात म्हणतात, आणि आम्ही तेवढ्यावर पुढच्या धड्याला जातो.

बरोबर ठेवणं म्हणजे बांधून ठेवणं नाही, हेही त्याच्याकडूनच शिकायचं. तो श्रीमंत तरुण आला, गुडघे टेकले, सार्वकालिक जीवनाचं विचारलं. येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क स्पष्ट लिहितो. मग जे सांगायचं होतं ते सांगितलं. तो खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्यामागे धावला नाही. अट सैल केली नाही, की बोल लावला नाही. प्रीती केलेल्या माणसाला पाठमोरं जाताना बघणं किती जड असेल! दुसऱ्या एका वेळी तर बरेच शिष्य त्याला सोडून गेले, तेव्हा त्याने बारांनाही विचारलं की तुम्हालाही जायचंय का. हा प्रश्न विचारायचं धाडस आमच्यात नाही. आम्हाला उपस्थितीची वही आवडते.

बांधून न ठेवण्याची एक गोष्ट आपल्याकडचीही आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे एकत्र आली तरी सुरुवातीला लक्ष्मीबाईंचं सोवळं कायम होतं, स्वयंपाकपाणी निराळं होतं. टिळकांच्या स्वभावात तापटपणा होता आणि पत्नीला न सांगता त्यांनी जे पाऊल उचललं त्याची जखम खोल होती, हे लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण त्यांनी तिच्या श्रद्धेवर जबरदस्ती केली नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंच्या मनात त्यांच्या त्यांनाच पडला, आणि उत्तरही त्यांनीच शोधलं. १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षं! धर्मप्रसाराच्या कुठल्याही अहवालात त्या पाच वर्षांना रकाना नसतो. पण मराठी ख्रिस्ती माणसाला शिष्य होणं म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर त्याने त्या पाच वर्षांपाशी बसावं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक सांगत. त्या पुलावरून माणूस आपल्या पायांनी, आपल्या चालीने येतो, पाठीमागून ढकललेला येत नाही.

आणि शिष्य म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे बारा दाढीवाले पुरुष येतात, ही आमच्या वाचनातली मोठीच उणीव. लूक आठव्या अध्यायात नावं देऊन सांगतो: मरीया मग्दालीया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना, सुसान्ना आणि आणखी पुष्कळ जणी येशूबरोबर गावोगाव फिरत होत्या, आपल्या पैशांनी सगळ्यांचं भागवत होत्या. बेथानीची मरीया गुरूच्या पायांशी बसून ऐकत होती. त्या काळी ती शिष्याची बैठक होती. बारांतले बहुतेक पळाले तेव्हा क्रूसाच्या आसपास बायका होत्या, आणि कबर रिकामी असल्याचं सगळ्यांत आधी बायकांनीच सांगितलं. पंडिता रमाबाईंनी हे नीट वाचलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या मुली छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या, आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद त्याच आवारात छापला गेला. रमाबाई १९२२ साली गेल्या. मी कधी कधी त्या मुलींचा विचार करतो. एकेक अक्षर शिसाचं, उलटं, चिमटीत धरून ओळीत बसवायचं. देवाचा शब्द त्यांनी असा बोटांनी वाचला.

आता माझ्या वहीकडे येतो.

मंडळीत दृढीकरणाचा वर्ग मी अकरा वर्षं घेतला. एक मुलगा होता. त्याच्यासारखी उत्तरं कुणाचीच नव्हती. दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार, बारा शिष्यांची नावं, विचारायचा अवकाश. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे एकही फुली नाही. दृढीकरण झालं, प्रभुभोजन घेऊ लागला. वर्षभराने त्याचे वडील गेले. मी अंत्यविधीला गेलो, प्रार्थना केली, आईला धीर दिला आणि घरी आलो. त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो नाही. कामं होती, परीक्षेचे पेपर होते. कारणं खरी होती. हळूहळू तो उपासनेला यायचा बंद झाला आणि मी कुणाकडे तरी हळहळ व्यक्त केली की आजकालची मुलं टिकत नाहीत.

मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली ती आज्ञा आम्ही भिंतींवर लिहितो. सगळ्या राष्ट्रांना शिष्य करा, ही. ग्रीक जाणणाऱ्या एका वयस्कर पाळकांनी मला एकदा दाखवलं की त्या वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे: शिष्य करा. जाणं, बाप्तिस्मा देणं, शिकवणं ही सगळी त्याच्या आधाराने येतात. आणि त्या डोंगरावर अकरा जण होते, त्यांतल्या काहींना अजून संशय होता, हेही मत्तय त्याच ठिकाणी लिहून ठेवतो. संशय असलेल्यांनाही त्याने पाठवलं. मी मात्र उत्तरं पाठ असलेल्याला, तेही बाप गेलेल्याला, एकटं सोडलं होतं. शिष्य करण्याचं काम मी वर्गाच्या चार भिंतींत मोजून ठेवलं होतं, रविवारी साडेनऊ ते साडेदहा.

मागच्या हिवाळ्यात बाजारात त्याची आई भेटली. ‘सलाम, सर,’ म्हणाली. तो एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटावर लागलाय, बहुतेक थर्ड शिफ्टच असते, असं सांगितलं. तक्रार काही केली नाही. ते जास्त लागलं.

त्या रात्री मी योहानाचा एकविसावा अध्याय काढला. पेत्र आणि ते सगळे रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी काठाकडे येतात. पहाट झालेली असते. काठावर येशू उभा असतो, आणि त्यांनी ओळखलेलं नसतं. त्याच्या सांगण्यावरून पुन्हा जाळं टाकतात तेव्हा एकशे त्रेपन्न मासे लागतात. त्या आकड्यावर मोठमोठे अर्थ लावले गेलेत. मला वाटतं, कोळ्यांनी ते नुसते मोजले असतील, कोळी मोजतातच. माझं लक्ष काठावर जातं. ते पोहोचतात तेव्हा कोळसे पेटलेले आहेत, त्यावर मासळी आहे, भाकर आहे. नव्या करारात कोळशाच्या विस्तवासाठी तो शब्द दोनदाच येतो, आणि पहिल्यांदा येतो तो महायाजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभं राहून पेत्राने येशूला नाकारलं. त्या रात्रीबद्दल येशू चकार शब्द काढत नाही. तो त्यांना न्याहारीला बोलावतो. पेत्राला जे विचारायचं ते तो विचारतो, पण सगळ्यांचं खाणं झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला चार भाकरी जास्त टाकायला सांगितल्या. पिठलं केलं, वर ठेचा, कांदा. डबा कापडात बांधून घेतला आणि सातच्या आत एमआयडीसीच्या त्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. धुकं होतं. माझ्यासारखाच एक चहाचा गाडीवाला हात चोळत उभा होता. भोंगा झाला. माणसं बाहेर येऊ लागली, डोळे तारवटलेले, कुणी गाडीला किक मारतंय, कुणी तसंच चालत निघालंय. मला वाटलं, आपण ओळखणार नाही. पण तो बापासारखाच चालतो, उजवा खांदा जरा खाली टाकून.

तो थबकला. ‘सर? तुम्ही इथं?’

मी म्हणालो, ‘भूक लागली असेल ना?’

कंपनीच्या कुंपणाबाहेर एका पाइपवर आम्ही बसलो. त्याच्या हाताला ग्रीसचा वास होता. तो नळावर जाऊन हात घासून आला, तरी वास होताच. भाकरी अजून ऊबदार होती. त्याने पहिला घास घेतला तो बराच वेळ चावत राहिला. मंडळीबद्दल मी काही विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो, आणि विचारलं नाही. तो मशिनबद्दल सांगत होता. कुठल्या पार्टला बर येतो, सुपरवायझर कसा आहे, झोप दुपारी लागत नाही. मधेच म्हणाला, पप्पा गेले त्या वर्षी मी रोज वाट बघायचो. कुणाची, ते त्याने सांगितलं नाही. मी भाकरीकडे बघत राहिलो. मग म्हणालो, ‘मी यायला हवं होतं. चुकलं माझं.’ तो काही बोलला नाही. ठेच्याची वाटी माझ्याकडे सरकवली.

खाऊन झाल्यावर त्याने डबा नळावर नेऊन स्वच्छ घासला, उपडा करून झटकला, कापड नीट घडी घालून वर ठेवलं आणि माझ्या हातात दिला. सूर्य वर आला होता. दोन पावलं जाऊन तो वळला.

‘उद्यापण थर्डच आहे माझी,’ म्हणाला.